पायांनी झूम होत नाही

डीएसएलआर कॅमेरा नवा घेतलेला असो की कुणाचा वापरलेला, तो हातात आला की पहिला सल्ला ठरलेला असतो : सोबतची १८-५५ किट लेन्स काढून ठेवा आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. फोटोवॉकला जाणारे मित्र हेच सांगतात, कार्यशाळेत हेच शिकवतात, दुकानदारही मान डोलावतो. या मतामागे तीन युक्तिवाद आहेत. पहिला, झूम लेन्स दर्जात प्राइमच्या, म्हणजे एकाच फोकल लेंथच्या लेन्सच्या, मागेच राहणार. दुसरा, झूममुळे माणूस आळशी होतो; चौकट बदलायची तर पाय हलवावेत, ‘पायांनी झूम’ करावी. तिसरा, ५० ही डोळ्याला दिसतं तसं दाखवणारी लेन्स आहे आणि आन्री कार्तिए-ब्रेसाँसारख्या थोर छायाचित्रकारानं आयुष्यभर प्रामुख्यानं तीच वापरली.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. चांगलं काम केलेल्या माणसांच्या अनुभवातून तो आला आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असलेल्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर रोजच्या वापराची लेन्स झूमच असावी. आणि ती निवडताना सगळ्यात आधी पाहावी तिची वाइड बाजू. लांबचं किती जवळ येतं हा प्रश्न त्यानंतरचा.

तिसऱ्या युक्तिवादापासून सुरुवात करतो, कारण तो साध्या गणितानंच कोसळतो. ब्रेसाँ यांची ५० मिलिमीटर लेन्स ज्या लायकावर होती, त्याच्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती. तिथे ५० ची लेन्स आडवा सुमारे ४० अंशांचा पट्टा पाहते. निकॉनच्या क्रॉप सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, कॅननची त्याहून किंचित कमी. त्यावर तीच लेन्स जेमतेम २५-२६ अंश पाहते. फिल्मच्या हिशेबात ती ७५ ते ८० मिलिमीटरची, म्हणजे व्यक्तिचित्रं काढण्याची लेन्स झाली. ब्रेसाँ यांची नजर क्रॉप सेन्सरवर हवी असेल, तर फोकल लेंथ ३१ ते ३३ च्या आसपास लागते. ती नेमकी १८-५५ च्या पट्ट्यात बसते. ज्यांचा दाखला देऊन किट लेन्स काढून ठेवायला सांगतात, त्यांचा कोन त्या किट लेन्समध्येच आहे.

कागदावरचे अंश बाजूला ठेवून घरात येऊ. एखाद्या लहान फ्लॅटमध्ये बारसं आहे. पाळण्याभोवती पाच-सहा बायका उभ्या आहेत, फोटो काढणाऱ्याची पाठ भिंतीला टेकली आहे आणि पाळणा दहा फुटांवर आहे. निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स तिथे पावणेपाच फुटांपेक्षा कमी रुंदी पकडते. आत्या दिसेल, आजी कापली जाईल. १८ वर तेरा फूट मावतात. मागे सरकायला भिंतीपलीकडे जागा नाही, तेव्हा ‘पाय हलवा’ या सल्ल्याला इथे अर्थच उरत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त मोहक आहे, कारण त्याला शिस्तीचा आणि कष्टाचा वास आहे. पाय हलवावेत हे खरंच. पण पाय हलवणं आणि झूम करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि एक केल्यानं दुसरी होत नाही. वस्तूंच्या आकारांचं एकमेकांशी असलेलं नातं, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, तुम्ही कुठे उभे आहात यावरच ठरतं. लेन्स त्यात काहीही बदलत नाही. त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा केवढा तुकडा घ्यायचा, एवढंच लेन्स ठरवते.

जेजुरीच्या गडावरचं उदाहरण घेऊ. एक वाघ्या उभा आहे आणि त्याच्यामागे अठरा मीटरवर दीपमाळ आहे. तुम्ही वाघ्यापासून दोन मीटरवर, १८ मिलिमीटरवर फोटो काढता. वाघ्या दोन मीटरवर, दीपमाळ वीस मीटरवर. अंतरांचं प्रमाण एकास दहा. दीपमाळ मागे कुठेतरी बारीक काठीसारखी दिसते. आता चार मीटर मागे या आणि लेन्स ५४ वर न्या. वाघ्या चौकटीत पहिल्याइतकाच मोठा राहतो, कारण अंतर तिप्पट झालं आणि फोकल लेंथही तिप्पट झाली. दीपमाळ मात्र आता चोवीस मीटरवर आहे आणि अंतरांचं प्रमाण एकास चार आहे. फोटोत ती पहिल्यापेक्षा अडीच पट मोठी दिसते आणि वाघ्याच्या खांद्यामागे उभी राहते. पहिल्या फोटोत वाघ्या आहे, दुसऱ्यात वाघ्या आणि जेजुरी आहे. दोन्हींसाठी पाय हलले आणि दोन्हींसाठी फोकल लेंथ बदलली. एकाच फोकल लेंथच्या लेन्सवाल्याला या दोन फोटोंतून निवडच करता येत नाही. वाघ्या केवढा दिसावा हे ठरवलं की दीपमाळ केवढी दिसणार हेही त्याच्यापुरतं ठरून गेलेलं असतं.

म्हणून झूम वापरण्याची खरी रीत अशी : आधी पायांनी जागा शोधायची, पुढच्या-मागच्या वस्तूंचं नातं मनासारखं जुळवायचं आणि मग कडी फिरवून चौकट कापायची. ज्याला आळस करायचा तो एका जागी उभा राहून कडी फिरवेल हे खरं, पण तो प्राइम लावूनही एका जागीच उभा राहील. शिकवायची असेल तर ही रीत शिकवावी. साधन काढून घेऊन शिस्त लागते, हे मला मान्य नाही.

शिवाय रोजच्या जगात अनेक जागी पाय हलवताच येत नाहीत. दिवे घाटात कठड्याशी उभं राहून खालून वळणं घेत येणाऱ्या दिंड्या टिपताना पुढे दरी असते. कीर्तनात बसलेल्या माणसांना ओलांडून पुढे जाणं हा उद्धटपणा होईल. लेन्स बदलत राहावं, तर जेजुरीला सोमवतीच्या दिवशी हवेत भंडारा उधळलेला असतो, आणि आषाढी वारीत एकतर धूळ असते नाहीतर पाऊस. अशा हवेत कॅमेऱ्याचं तोंड उघडं करणं सेन्सरसाठी धोक्याचं असतं. कॅमेऱ्यावर सकाळी चढवलेली लेन्स संध्याकाळपर्यंत उतरवावी लागू नये, ही सोय लहान नाही.

उरला दर्जाचा युक्तिवाद. त्याला इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. ३५ मिलिमीटर स्थिर छायाचित्रणाच्या एसएलआरसाठी पहिली झूम १९५९ मध्ये आली : फ्रँक बॅक यांनी रचलेली, फोइग्टलेंडर कंपनीनं विकलेली ३६-८२ एफ/२.८ झूमार. १९६३ मध्ये निकॉनची ४३-८६ आली. ती लोकप्रिय झाली, पण कडांना मऊ आणि सरळ रेषा वाकवणारी म्हणून तिची बदनामीही झाली, आणि ती बदनामी सगळ्याच झूमना चिकटली. पुढे संगणकानं भिंगांची गणितं सोपी केली. १९७३ च्या कॅनन ३५-७० नं दोन भिंगगटांची आटोपशीर रचना आणली. मग साच्यात घडवलेली अगोलीय भिंगं स्वस्त झाली आणि भिंगांवरचे लेप सुधारले. झूमबद्दलचं मत मात्र बराच काळ साठच्या दशकातच अडकून राहिलं.

किट लेन्सच्या बाबतीत हेच पुन्हा घडलं. २००३ मध्ये कॅननच्या ३००डी बरोबर आलेली पहिली १८-५५ साधीच होती. तिच्यात हाताचं कंपन सावरणारी यंत्रणा नव्हती. तिच्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. २००७ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनीही त्या यंत्रणेसह नव्या १८-५५ आणल्या, २०१३ मध्ये कॅननची एसटीएम आली. या लेन्स वेगळ्या आहेत. एफ/८ वर, उजेडात काढलेला त्यांचा फोटो आणि प्राइमचा फोटो ए-४ कागदावर शेजारी ठेवले, तर फरक सांगणं कठीण जातं. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबानं सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्याच्या पावणेतीन पट असतात. पडद्यावर फोटो शंभर टक्के मोठा करून कोपरे तपासणाऱ्याला फरक दिसेल. पण फोटो त्यासाठी काढलेला नसतो.

जवळून काढायच्या फोटोंत तर किट लेन्सच पुढे आहे. कॅननची १८-५५ आयएस पाव मीटरवर फोकस करते आणि साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीच्या वस्तूनं चौकट भरते. त्याच कंपनीची ५० एफ/१.८ एसटीएम साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास थांबते. कासच्या पठारावर लहान फुलांपुढे गुडघे टेकून बसणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो : अंधार. एफ/१.८ वर लेन्स एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहा पट उजेड आत घेते. कंपन सावरणारी यंत्रणा आपला हात सावरते, पण समोरचं नाचणारं मूल किंवा ताशावर पडणारी काठी थांबवत नाही. तिथे मोठं अपर्चरच हवं. पण त्याचीही किंमत असते. क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स एफ/१.८ वर दोन मीटरवर फोकस केली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर खोल असतो. दोन रांगांत बसलेल्या कुटुंबाची मागची रांग त्यात धूसर होणार. मग अपर्चर लहान करावं लागतं आणि ज्या उजेडासाठी लेन्स घेतली, तोच हातचा जातो.

आता कोणती झूम? इथे दुसरं एक प्रचलित मत आडवं येतं : ‘किती एक्स?’ १८-२००, १८-४०० अशा लेन्स या आकड्यावर विकल्या जातात. त्या जड असतात, लांबच्या टोकाला त्यांचं अपर्चर एफ/५.६ किंवा एफ/६.३ पर्यंत आकसतं आणि जवळच्या विषयावर फोकस केला की त्यांची प्रत्यक्ष फोकल लेंथ छापील आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. पुरंदवड्याच्या रिंगणात अश्व टिपायचा असेल तर लांबची लेन्स लागेलच, पण ती त्या दिवसाची लेन्स झाली, रोजची नव्हे. सलग एफ/२.८ च्या झूमबद्दल थोडक्यात सांगायचं तर कॅननची १७-५५ एफ/२.८ फार चांगली लेन्स आहे, पण तिचं वजन ६४५ ग्रॅम आहे आणि १८-५५ एसटीएमचं २०५. लग्नाची कामं घेणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. रोज पिशवीत टाकून निघणाऱ्याचा कॅमेरा तिच्या वजनापायी घरी राहील.

माझा कौल वाइड बाजूला आहे, कारण तिथला एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. निकॉनवर १८ वरून १६ वर आलं की कोन सहा अंशांहून जास्त वाढतो. ५५ वरून ५७ वर गेलं की एक अंशही कमी होत नाही. आणि लांबची बाजू तोकडी पडली तर फोटो नंतर कापता येतो. ८५ वर काढलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो १४० ची चौकट मिळेल इतका कापला, तरी ८८ लाख पिक्सेल उरतात, म्हणजे ए-४ छपाईपुरते. जे चौकटीत आलंच नाही, ते मात्र नंतर आणता येत नाही. दोन-तीन फोटो जोडून रुंदी मिळवण्याची युक्ती डोंगररांगेला चालते, हलत्या माणसांना नाही. म्हणून १८-५५ च्या पुढे जायचंच असेल, तर निकॉनची १६-८५ किंवा १६-८०, कॅननची १५-८५, सिग्माची १७-७० एफ/२.८-४ या वाटेनं जावं. फुल फ्रेमची २४-७० ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून क्रॉप सेन्सरवर लावू नये. बारशाच्या त्याच खोलीत ती दहा फुटांवर दहा फूटसुद्धा पकडत नाही.

पैसे मोजण्याआधी आपले जुने फोटो संगणकावर उघडून त्यांची फोकल लेंथ पाहावी. प्रत्येक फोटोबरोबर ती नोंदलेली असते. १८ वर गर्दी असेल तर तुम्हाला आणखी रुंदी हवी होती. ५५ वर गर्दी असेल तर एखादी वेगळी ५५-२५० किंवा ७०-३०० पुरेल. वापरलेली लेन्स घेताना टॉर्च लावून आत बुरशी आहे का ते पाहावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. निकॉनवाल्यांनी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करते का, हेही तिथेच तपासावं. स्वस्तात मिळणारी जुनी ५० एफ/१.८डी डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांवर तसा फोकस करत नाही, कारण त्यांच्या बॉडीत त्यासाठीची मोटर नाही.

आणि या सगळ्यानंतर अंधारासाठी एक प्राइम घ्यायचीच असेल, तर ती तरी ५० का असावी? निकॉननं २००९ मध्ये क्रॉप सेन्सरसाठीच ३५ मिलिमीटर एफ/१.८ काढली. वजन २०० ग्रॅम, आणि कोन ब्रेसाँ यांच्या लेन्सच्या अगदी जवळचा. प्राइमवाद्यांचा आवडता कोन त्यांच्याच कॅमेऱ्यावर हवा असेल, तर त्यांनी शिफारस करायची लेन्स ही होती.