कचऱ्याचा भाव

१९९७ साली क्योटोच्या वाटाघाटींत ब्राझीलने साधा प्रस्ताव मांडला होता: श्रीमंत देशांनी उत्सर्जनाची मर्यादा ओलांडली तर दंड भरावा, आणि त्या पैशातून गरीब देशांत स्वच्छ तंत्रज्ञान यावं. डिसेंबरात करार झाला तोवर दंडाचा बाजार झाला होता. त्याचं नाव 'क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम', म्हणजे सीडीएम. विकसनशील देशात एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवा, एक क्रेडिट मिळवा, ते युरोपात विका. घेणारी कंपनी तेवढा धूर आपल्याकडे सोडायला मोकळी.

कागदावर हिशेब चोख होता. धूर कुठूनही निघो, पृथ्वी एकच. मग जिथे स्वस्त पडतं तिथे कमी करा.

सगळ्यात स्वस्त काय निघालं? जुन्या एसींत आर-२२ गॅस असतो. तो बनवताना शंभर किलोमागे दोन-तीन किलो एचएफसी-२३ आपोआप तयार होतो. क्योटोच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. भट्टीत जाळला की झालं. खर्च क्रेडिटमागे एक युरोहून कमी, भाव दहा युरोंच्या आसपास! जगभरातल्या १९ कारखान्यांनी नाव नोंदवलं, बहुतेक चीन आणि भारतातले. गुजरातमधल्या रणजितनगरचा कारखाना अगदी पहिल्यांपैकी.

२००७ मध्ये मायकेल वारा यांनी 'नेचर'मध्ये आकडे मांडले. थेट पैसे दिले असते तर जे काम दहा कोटी युरोंच्या आत झालं असतं, त्यासाठी बाजार साडेचार अब्जांहून जास्त मोजणार होता. मूळ गॅस विकण्यापेक्षा त्याचा कचरा जाळण्यात जास्त कमाई होती.

नियम करणारे भोळे नव्हते. फक्त जुने कारखाने, तेही ३ टक्के कचऱ्यापर्यंतच, अशी अट होती. पण बगमागे बोनस ठेवला की बग कमी होत नाहीत, हे कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला विचारा. २०१० मध्ये 'सीडीएम वॉच'ने दाखवलं, की काही कारखान्यांत क्रेडिट चालू असताना हा गॅस जास्त तयार होतो, बंद झालं की कमी.

चीनने या कमाईवर ६५ टक्के कर लावला. आफ्रिकेच्या वाट्याला सीडीएमच्या एकूण क्रेडिटपैकी जेमतेम दोन-तीन टक्के आले. ज्या गरीब देशांसाठी ब्राझील भांडला, त्यांच्याकडे जाळण्यासारखा महागडा कचराच नव्हता.

२०१३ पासून युरोपने ही क्रेडिट्स घेणं बंद केलं. १३ ऑक्टोबर २०१६ ला, किगालीची परिषद चालू असताना, भारताने आपल्या पाचही उत्पादकांना आदेश दिला: हा गॅस स्वखर्चाने जाळा, भरपाई मिळणार नाही.