अक्षरांचे बिऱ्हाड



नव्या मुंबईत राहणाऱ्यांना बिऱ्हाड बदलण्याचे नवल वाटत नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, १९९२ साली लोकल गाडी मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीस आली, आणि गिरगाव, लालबाग, दादर येथील दोन-दोन खोल्यांतून निघालेली कितीतरी कुटुंबे वाशी, नेरूळ, बेलापूर येथल्या घरांत येऊन स्थिरावली. त्याच घरांतून, त्या दशकाच्या उत्तरार्धात, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेले संगणक येऊ लागले. आणि त्यांच्यामागोमाग एक निराळाच बिऱ्हाडबदल सुरू झाला. घरातला एखादा महाविद्यालयीन मुलगा वा मुलगी शनिवारी रात्री संगणकावरची एक ऑपरेटिंग सिस्टिम पुसून तेथे दुसरी बसवी, महिन्याभराने तिसरी. आज बोलावयाचे आहे ते ह्याविषयी. वरकरणी हा पोरखेळ वाटेल. परंतु ह्या पोरखेळात मराठी लेखनाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न दडलेला होता : घर बदलताना आपली अक्षरे आपल्याबरोबर येतात काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर काय दाबले, पडद्यावर काय दिसावे, कोणता कागद कोठे ठेवला, हे सारे तो पाहतो. बहुतेक घरांत हा कारभारी विंडोज नावाचा असे, आणि तो मालकीचा असे. म्हणजे त्याच्या वह्या आपल्याला उघडून पाहता येत नसत. ह्याच्या उलट विचार अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली मांडला. प्रोग्राम कोणासही चालविता यावा, त्याचा मूळ मजकूर वाचता यावा, दुरुस्त करता यावा आणि शेजाऱ्यास देता यावा, अशा अटींवर एक सबंध प्रणाली उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. तिचे नाव ग्नू. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स हा गाभा लिहिला, पुढल्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली दिला, आणि प्रणाली पुरी झाली. मूळ मजकूर सर्वांस खुला असल्यामुळे ज्याने त्याने आपापल्या पसंतीने तो बांधून वाटावयास आरंभ केला. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन निघाले, नंतर रेड हॅट, पुढे आणखी कितीतरी. धान्य एकाच कोठारातले. मसाला प्रत्येक घरचा वेगळा.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या सेवेने सबंध प्रणाली घरी उतरवून घेणे म्हणजे चमच्याने विहीर उपसण्यासारखेच होते. म्हणून १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' ह्या मासिकाने अंकासोबत स्लॅकवेअरची तबकडी दिली, ह्या गोष्टीचे महत्त्व मी फार मानतो. एक तबकडी दहा घरे फिरे. बसविताना डिस्कचे भाग पाडावे लागत. त्यात एक आकडा चुकला की विंडोजसकट घरातले हिशेब आणि अर्जांचे मसुदे एकदमच जात, आणि मग वडिलांना तोंड द्यावे लागे! दुसरी अडचण मोडेमची. त्या काळी संगणकाच्या आत बसणाऱ्या स्वस्त मोडेमचे निम्मे काम विंडोजमधला प्रोग्राम करीत असे, त्यामुळे लिनक्समध्ये तो मुका होऊन बसे. तारेची गाठ जमली, चित्र उमटले, आवाज ऐकू आला, की मग मात्र बिऱ्हाड लागले असे समजत.

परंतु ते इंग्रजी बिऱ्हाड होते. इंग्रजीत लिहिलेले पत्र एका प्रणालीतून दुसरीत सहज जाई. मराठी पत्र जात नसे.

ह्याचे कारण थोडे खोलात जाऊन सांगितले पाहिजे. संगणक अक्षर ओळखीत नाही. तो अंक ठेवतो. इंग्रजी अक्षरांचे अंक १९६० च्या दशकात अमेरिकेत ठरले आणि पुढे साऱ्या जगाने मानले. देवनागरीसाठी तसे सर्वमान्य काही घराघरांतल्या संगणकांवर नव्हते. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली : अंक इंग्रजी अक्षराचाच राहू द्यावयाचा, आणि त्या अक्षराच्या चित्राच्या जागी देवनागरीचे चित्र बसवावयाचे. कृतिदेव हा रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळरचनेवर बेतलेला फॉन्ट घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसतो. पण संगणकाच्या पोटात असतात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. म्हणजे १०१, १०६, १०७, ६६ आणि १०४. कृतिदेव जवळ असेल तर ते मराठी. नसेल तर निरर्थक इंग्रजी. शिवाजी, किरण, आकृती, श्री-लिपी, प्रत्येकाचा नकाशा निराळा. छपाईच्या धंद्यात ह्या युक्तीने फार मोठे काम झाले, हे मान्य केलेच पाहिजे. खिळे जुळविणारे हात थकत चालले होते आणि दिवाळी अंक तर वेळेवर निघावयाचे होते. कागदावर उमटले की काम संपले, अशी ती दृष्टी होती. पण जो मजकूर कागदावर न जाता संगणकातच राहिला, त्याचे काय?

ह्या ठिकाणी मला मोडीची आठवण होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून मोडी गेली, आणि नातवाला आजोबांचे खत वाचता येईनासे झाले. तरी मोडी ही लिपी आहे. ती शिकविणारे वर्ग आजही निघतात. फॉन्टच्या नकाशात बंद झालेल्या मजकुराचे तसे नाही. नकाशा हरवला की तो अक्षरशः सांकेतिक लेख होतो, आणि हे व्हावयास मोडीसारखी शतके लागत नाहीत, दहा वर्षे पुरतात.

उपाय कोणाला सुचला नव्हता असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट प्रकल्पाने भारतीय लिप्यांचा विचार उच्चाराच्या अंगाने केला होता. त्यातून इस्की ही संहिता सिद्ध झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची १२८ घरे इस्कीच्याच क्रमावर आखलेली होती. तिच्यात 'क' म्हणजे २३२५. मग फॉन्ट कोणताही असो. अक्षराला कायमचा पत्ता मिळाला.

पत्ता मिळाला, तरी घर बांधावयाचे राहिले होते. आपली लिपी एकामागून एक चित्रे ठेवून भागत नाही. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहावा लागतो आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'वाऱ्यावर' ह्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र तर हिंदीत लागतच नाही, त्यामुळे पुष्कळांना त्याची आठवणच नसे. हे सर्व जुळवून देणारा भाग लिनक्समध्ये नव्हता. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने, म्हणजे एनसीएसटीने, ह्यासाठी 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प हाती घेतला. ही संस्था प्रा. श्रीनिवासन रमणी ह्यांच्या नेतृत्वाखाली १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रातून वेगळी झाली होती. पुढे ती सीडॅकमध्ये विलीन झाली, आणि बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये, खारघर स्थानकासमोर, तिचे ठाणे आहे. लोकलमधून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपल्या वेलांट्या लिनक्समध्ये जागेवर बसविण्याचा उद्योग ह्या संस्थेने केला! इंडिक्सची कल्पना धाडसी होती : प्रत्येक प्रोग्रामला लिपी शिकवीत न बसता पडदा रंगविणाऱ्या मूळ यंत्रणेलाच ती शिकवावी.

ह्याच संस्थेत र. कृ. जोशी काम करीत होते. सुलेखनकार, कवी, जाहिरातक्षेत्रात नाव मिळविलेले, पवईच्या आयआयटीत अध्यापन केलेले असे हे गृहस्थ २००८ साली वारले. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा, आणि एनसीएसटीने विनामूल्य वाटलेला 'रघू' हाही त्यांच्याच हातचा. मालकीच्या प्रणालीत आणि मुक्त प्रणालीत मराठी अक्षराने पहिले पाऊल टाकले ते एकाच मराठी हाताच्या वळणाने, ही गोष्ट आपल्या कलेतिहासात ठळक नोंदली जावी असे मला वाटते. नंतर 'गार्गी' हा फॉन्ट मुंबईतील मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी दिला, आणि २००४ साली रेड हॅटने 'लोहित' हे फॉन्टकुल मुक्त केले. लोहित म्हणजे लाल. लाल टोपीवाल्यांनी नाव मोठ्या औचित्याने निवडले.

तथापि ह्या पहिल्या वर्षांत घरोघरी जो अनुभव येई तो संमिश्र होता. लिनक्समध्येही ग्नोम आणि केडीई ही दोन दालने. ग्नोममध्ये अक्षरजुळणी पँगो नावाचा भाग करी, केडीईत क्यूट. प्रत्येकाचे व्याकरण स्वतंत्र. ग्नोममध्ये नीट दिसणारा 'कीर्ती' शेजारच्या दालनात रफार गमावून बसे. फाइलच्या नावाचीही तीच कथा. रेड हॅटने २००२ सालच्या ८.० आवृत्तीपासून युनिकोडची यूटीएफ-८ ही रीत मूळ धरली. डेबियनने ती २००७ साली धरली. मधल्या काळात एका मुक्त घरातून दुसऱ्या मुक्त घरात गेलेल्या मराठी नावाच्या फाइलींची नावे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन पडत. प्रोग्राम खुला होता, परवाना खुला होता, आणि तरीही मराठी माणूस अडे. मूळ मजकूर वाचण्याचे स्वातंत्र्य आणि स्वतःचे पत्र वाचण्याचे स्वातंत्र्य ह्या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या घरांत दुसरी फार उशिरा आली.

२००३ हे वर्ष ह्या दृष्टीने मोलाचे. त्या वर्षी रेड हॅटने घरगुती आवृत्ती नवव्या अंकावर थांबविली, आणि तिच्या जागी फेडोरा आली. ज्यांनी रेड हॅटवर संसार मांडला होता त्यांना हलणे भागच पडले; कोणी फेडोरात गेले, कोणी डेबियनकडे वळले. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात उबुंटू निघाली. तिच्या तबकड्या मागणी नोंदविताच टपालाने फुकट घरपोच येत, अगदी २०११ पर्यंत. न बसविताच तबकडीवरून चालवून पाहण्याची सोय झाल्यामुळे वडिलांची भीतीही ओसरली. २००७ साली सीडॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली दिली. हा बदलाचा वेग वाढला तसतसा मराठीचा प्रश्न मागे पडत गेला, आणि तो प्रश्न सुटत चालल्याचीच ती खूण होती. २००८ साली युनिकोडमध्ये आपल्या 'ॲ' ला स्वतःचे घर मिळाले. तोवर 'ॲक्सिडेंट'सारखे शब्द हिंदी वळणाच्या 'ऍ' ने लिहावे लागत. २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमाला आणि अक्षरवळणांविषयी निर्णय काढला, त्यामुळे मराठी ल आणि श ह्यांची वळणे कशी असावीत ह्यास अधिकृत आधार लाभला. आणि निरनिराळ्या दालनांचे व्याकरण एक करणारा 'हार्फबझ' नावाचा भाग हळूहळू सर्वत्र पसरला. हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. 'चकार हरफ काढला नाही' असे आपण म्हणतो तोच हा हरफ.

आज मिंटवरून फेडोरावर, फेडोरावरून डेबियनवर गेले तरी युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी पत्र जसेच्या तसे उघडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटीत न बसणारे पुष्कळ जुने संगणक लिनक्सकडे वळविता येतात. त्यांच्यात जो खरा कठीण ऐवज आहे तो मात्र १९९५ ते २००५ ह्या दशकातला : सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, प्रबंध, नाटकांच्या संहिता, आजीने सांगितलेल्या आणि नातीने टंकलेल्या आठवणी. त्या पोटफाइलींत मराठी म्हणून अजूनही १०१, १०६, १०७ हे आकडेच आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा त्यांना वेगळा द्यावा लागतो. शिवाय जुन्या फॉन्टात रफार शेवटी आणि ऱ्हस्व इकार आधी टंकलेला असतो. 'कीर्ती'तला रफार वेलांटीवरून उडी मारून 'त'च्या मागे न्यावा लागतो, आणि जोडाक्षर लांबलचक असले की प्रोग्राम नेमका तेथे चुकतो. म्हणून रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. छापील प्रत नसेल, तर ज्या जुन्या संगणकात तो फॉन्ट आहे तो भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा चालू करावा, आणि फॉन्टची ती एक फाइल तेवढी काढून घ्यावी.