डिकन्सचा कंजूष आणि डिस्नेचे बदक

वॉल्ट डिस्ने स्टुडिओचा ‘मिकीज ख्रिसमस कॅरल’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला, परंतु त्याची मुळे व्हिक्टोरियन लंडनमध्ये आहेत. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही लघुकादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि तिच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. डिकन्सचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते, तेव्हा बारा वर्षांच्या डिकन्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात राबावे लागले होते. शिवाय खाणींत व कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल १८४३ मध्ये त्याच्या वाचनात आला होता. एबेनेझर स्क्रूज हा कंजूष पेढीवाला, त्याचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट आणि क्रॅचिटचा अपंग मुलगा टायनी टिम ही पात्रे या साऱ्यातून उसळलेल्या संतापातूनच जन्मली.

ही कथा डिस्नेच्या विश्वात शिरली ती प्रथम केवळ नावाच्या रूपाने. चित्रकथाकार कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये डोनाल्ड डकला एक धनाढ्य काका दिला आणि डिकन्सच्या कंजुषावरून त्याचे नाव स्क्रूज मॅकडक ठेवले. पुढे १९७४ मध्ये ॲलन यंग आणि ॲलन डाइनहार्ट यांनी लिहिलेली एक ध्वनिमुद्रिका निघाली, जिच्यात डिस्नेच्या पात्रांनी डिकन्सची कथा श्राव्य नाटकाच्या रूपात सादर केली, आणि ज्या बदकाला स्क्रूजचे नाव मिळाले होते, त्याच्याच वाट्याला स्क्रूजची भूमिका आली. या ध्वनिमुद्रिकेवरून चित्रपट व्हावा, असा प्रस्ताव स्टुडिओत १९५३ पासून काम करणारे बर्नी मॅटिन्सन यांनी मांडला आणि दिग्दर्शनही त्यांच्याकडेच आले.

चित्रपटाच्या नावात मिकी असला, तरी कथेचा नायक स्क्रूजच आहे. मिकी त्याचा कारकून होतो. ‘द सिंपल थिंग्ज’ (१९५३) या लघुपटानंतर तीस वर्षे मिकीचा नवा चित्रपट चित्रगृहांत आला नव्हता, आणि पुनरागमनासाठी त्याला धन्याचे कपडे धुणाऱ्या, कोळशाच्या एका तुकड्यासाठी बोलणी खाणाऱ्या नोकराची भूमिका देण्यात दिग्दर्शकाची खरी समज दिसते. त्या काळी प्रत्येक चित्र कागदावर पेन्सिलीने काढून ‘सेल’ म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक तावावर उतरवले जाई, मागील बाजूने रंगवले जाई आणि मग पार्श्वचित्रावर ठेवून त्याचे छायाचित्र घेतले जाई. मार्क हेन आणि ग्लेन कीन हे तरुण चित्रकार या कामात होते. दुसरीकडे १९३४ पासून डोनाल्डचा आवाज असलेले क्लॅरेन्स नॅश यांचे चित्रगृहासाठीचे हे अखेरचे काम ठरले, तर वेन ऑलवाइन यांनी मिकीला प्रथमच मोठ्या पडद्यावर आवाज दिला. स्टुडिओच्या दोन पिढ्या अशा रीतीने एकाच चित्रपटात भेटल्या.

रूपांतरात गमावले गेले तेही मोठे आहे. मूळ कथेत स्क्रूजला भेटायला येणाऱ्या भुतांपैकी दुसऱ्याच्या झग्याखालून अज्ञान आणि दारिद्र्य यांची प्रतीके असलेली दोन खंगलेली मुले बाहेर येतात, आणि समाजाला विचारलेला डिकन्सचा सर्वांत कठोर प्रश्न त्यांच्या रूपाने उभा राहतो. चित्रपटात मात्र हे भूत म्हणजे खाद्यपदार्थांच्या राशीत बसलेला विली नावाचा खादाड राक्षस आहे आणि ती मुले कोठेच नाहीत. त्यामुळे समाजावरचा आरोप मागे पडतो आणि एका माणसाचा हृदयपालट तेवढा उरतो. तरीही स्क्रूजला दाखवल्या जाणाऱ्या भविष्यकाळातील स्मशानाचे दृश्य डिकन्सच्या तोडीचे उतरले आहे, कारण तेथे मिकी एक शब्दही न बोलता टिमची छोटी कुबडी त्याच्या थडग्यापाशी ठेवतो, आणि ज्या मुखाशी प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या केवळ हसू जोडले होते, त्यावर अश्रू दिसतो.

लघु ॲनिमेशनपटांच्या ऑस्करसाठी नामांकन मिळूनही चित्रपटाचा पुरस्कार हुकला. मात्र १९८४ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीवर होऊ लागलेल्या प्रक्षेपणांमुळे तो घरोघरच्या नाताळाचा भाग बनला. ध्वनिमुद्रिका लिहिणाऱ्या यंग यांनीच चित्रपटात दिलेला स्क्रूजचा आवाज १९८७ च्या ‘डकटेल्स’ या मालिकेत कायम राहिला आणि तीच मालिका नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून आली, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य मुलांना हा कंजूष काका डिकन्सचे नाव कानावर पडण्याआधीच ओळखीचा झाला.