सायकलस्वारांची पंगत

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, हे या मंडपात येणाऱ्यांस सांगावयास नको. चार माणसांनी संध्याकाळी एकत्र बसावे, एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि घरी जाताना वाद घालीत जावे, एवढाच तो खटाटोप. त्याच दशकात इंग्लंडातील काही मंडळी दुसऱ्या एका खटाटोपास लागली होती. तोही चार माणसांना एकत्र आणण्याचाच होता. फरक इतकाच, की ही माणसे सतरंजीवर न बसता सायकलीवर बसत. त्या मंडळींच्या रविवारच्या फेऱ्यांचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत. विषय हलका वाटेल. पण कोणाला बरोबर घ्यावयाचे आणि कोणाला मागे टाकावयाचे, हा प्रश्न जिथे निघतो तिथे विषय हलका राहत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक घरगुती कारण आहे. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या दिवसांत सायकल तासाच्या भाड्याने मिळत असे. आम्ही पाच-सहा मित्र अशाच भाड्याच्या सायकली घेऊन पहाटे सिंहगडाकडे निघालो. खडकवासल्याच्या अलीकडे आमची चेन उतरली. ती बसवून, हात धोतराला पुसावे की पाटलोणीला या विचारात आम्ही मान वर केली, तो रस्ता मोकळा! मित्र पुढे गेले होते. गडाच्या पायथ्याशी भेटले तेव्हा त्यांचे पिठलेभाकरी खाऊन झाले होते. राग भाकरीचा नव्हता, मागे वळून कोणी पाहिले नाही याचा होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. श्रोत्यांनी पुढील निवाडे ऐकताना ते ध्यानात ठेवावे.

सायकलस्वारांच्या मंडळांत अतिशय जुने आणि अद्याप चालू असलेले मंडळ लंडनचे ‘पिकविक बायसिकल क्लब’. ते जून १८७० मध्ये निघाले. त्याच महिन्यात चार्ल्स डिकन्स वारला होता. म्हणून त्याच्या पिकविक-कथेचे नाव मंडळाला दिले आणि प्रत्येक सभासदाने त्या कथेतील एकेका पात्राचे नाव धारण करावे अशी रीत पाडली. त्या काळची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे प्रचंड चाक, मागे वीतभर चाक, आणि त्या उंचीवर बसलेला स्वार. खड्डा लागला की स्वार डोक्यावर आपटे. शिवाय रस्त्यावरची जुनी मंडळी या नव्या प्राण्यावर खार खाऊन असत. पोरे चाकात काठ्या घालीत, गाडीवान चाबूक ओढीत. १८७६ साली सेंट ऑल्बन्सच्या टपालगाडीवरील रखवालदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा सायकलीच्या आऱ्यांत फेकून स्वाराला खाली ओढल्याचे प्रकरण गाजले. तेव्हा ही मंडळी टोळीने जाऊ लागली ती हौसेने, तशीच भीतीनेही. एकट्याला चोप देणे सोपे असते, वीसजणांना देणे अवघड.

टोळी म्हटली की शिस्त आली, आणि इंग्रज माणूस शिस्तीला गणवेश घातल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक मंडळाला एक कप्तान, एक उपकप्तान आणि एक बिगुलवाला असे. बिगुल वाजला की स्वार व्हावयाचे, पुन्हा वाजला की उतरावयाचे. दोन-दोनांच्या जोडीने चालावयाचे, कप्तानाच्या पुढे जावयाचे नाही. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टला या मंडळांचे वार्षिक मेळे भरत. १८८२ च्या मेळ्यास दोन हजारांवर स्वार होते. आपल्याला हे वाचून हसू येते. पण कप्तानाच्या पुढे जावयाचे नाही, या नियमात एक शहाणपण होते. कप्तान सावकाश चालला तर सगळेच सावकाश चालत, आणि ज्याचे पाय दुखत त्याला बोलून दाखवावे लागत नसे. आपल्या दिंडीत वीणेकरी पुढे पळत नाही, तोच प्रकार.

५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला. १८८३ मध्ये त्याचे नाव ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ झाले. याचे काम व्यवहाराचे होते. गावोगाव खाणावळींशी ठराव करून सभासदांसाठी दर बांधून घेणे, जिथे ठराव झाला तिथे पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी लावणे, उतारांच्या माथ्यावर ‘हा उतार धोक्याचा आहे’ असे फलक उभारणे. १८८० पासून स्त्रियांनाही सभासदत्व मिळू लागले. १८८५ साली स्टार्लीची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आली, १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने हवेचा टायर काढला, आणि सायकल धाडसी तरुणांच्या हातून सर्वांच्या हाती गेली. १८९९ मध्ये या मंडळाचे सभासद साठ हजारांच्या वर होते. २०१६ पासून ते ‘सायकलिंग यूके’ या नावाने काम करीत आहे.

आता खाण्याचा प्रश्न. रविवारच्या फेरीचे प्रयोजन आरोग्य असे छापलेले असे, पण खरे प्रयोजन फेरीच्या टोकाशी असलेला चहा. लंडनहून पोर्टस्मथकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीस-पंचवीस मैलांवर, रिप्ली नावाचे खेडे आहे. तेथील ‘अँकर’ खाणावळीत डिबल आडनावाच्या मायलेकी सायकलस्वारांना घरच्यासारखे वाढीत. त्या काळी धुळीने माखलेल्या स्वाराला पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत लावीत. इथे मात्र पाणी, आसन आणि जेवण तिन्ही मिळे. रिप्लीचा रस्ता सायकलस्वारांचे पंढरपूर झाला तो या वाढणाऱ्या हातांमुळे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. डिबल भगिनींच्या स्मरणार्थ सायकलस्वारांनी गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसविली. खाणावळवालीचे असे स्मारक आपल्याकडे कोठे झाल्याचे आम्हांस आठवत नाही. व्हावयास हरकत नव्हती.

आणि याच रिप्लीच्या शेजारी ऑकम गावी नेमका उलट प्रकार घडला. व्हायकाउंटेस हार्बर्टन ही प्रौढ, खानदानी बाई. सायकलीवर लांब झगा चाकात अडकून बायका पडतात म्हणून स्त्रियांनी ढगळ विजार घालावी, या मताची ती पुरस्कर्ती होती. ऑक्टोबर १८९८ मध्ये ती अशाच वेषात सायकलीवरून ‘ओटबॉय’ हॉटेलात आली आणि जेवण मागितले. मालकीणबाई मिसेस स्प्रेग म्हणाल्या, या पोशाखात कॉफीच्या दालनात बसता येणार नाही; पलीकडे मद्यपानाच्या खोलीत बसावे. त्या खोलीत पुरुष धूम्रपान करीत होते. बाई उठून निघून गेली. हॉटेलवर पंखांच्या चाकाची पाटी होती. तेव्हा क्लबाने खटला भरला. एप्रिल १८९९ मध्ये किंग्स्टन येथे सुनावणी झाली आणि पंचांनी मालकीणबाईस निर्दोष सोडले. कारण काय? जेवण नाकारलेच नव्हते, फक्त दुसऱ्या खोलीत देऊ केले होते!

हे वाक्य ऐकताच महाराष्ट्रातील श्रोत्याला ओळखीचा वास यावा. अन्न तेच, वाढणारा तोच, फक्त पंक्ती निराळ्या. पंक्तिभेद म्हणून आम्ही ज्याला नाव ठेवतो तो केवळ आमच्याच मातीत उगवतो, हा समज चुकीचा आहे. क्लबाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या सभासदांतच या वेषाला हसणारे पुष्कळ होते. तरीही सभासदाला करारान्वये मिळावयाचे जेवण मिळालेच पाहिजे, म्हणून क्लब कोर्टात उभा राहिला आणि हरला. हरलेल्या खटल्यांचेही मोल असते.

अमेरिकेत गोष्ट याहून वाईट झाली. तेथील ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संस्था १८८० साली न्यूपोर्टला निघाली. चांगल्या रस्त्यांसाठी तिने मोठी चळवळ केली. मोटारी आल्या त्यापूर्वीच रस्ते सुधारण्याची मागणी सायकलस्वारांनी केली होती, हे मोटारवाल्यांस सहसा ठाऊक नसते. पण १८९४ मध्ये लुइव्हिल येथील अधिवेशनात याच संस्थेने आपल्या घटनेत एक शब्द घातला: सभासद होणारा ‘गोरा’ असावा. बोस्टनची किटी नॉक्स ही शिवणकाम करणारी तरुणी, बाप काळा, आई गोरी, या ठरावाच्या आधीच सभासद झालेली होती. १८९५ च्या जुलैत ॲस्बरी पार्क येथील मेळ्यास ती स्वतः शिवलेल्या विजारीच्या वेषात हजर झाली आणि तिच्या सभासदत्वावरून मोठा वाद माजला. काहींनी तिला दार दाखविले, काहींनी तिची बाजू घेतली. वर्तमानपत्रांत रकाने भरले. तिचे सभासदत्व नियमाने शाबूत होते, कारण नियम तिच्या नंतरचा होता. १९०० साली, पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच, ती वारली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९९ मध्ये, मेजर टेलर या काळ्या सायकलपटूने माँट्रियल येथे जगज्जेतेपद मिळविले होते. जग जिंकता येत होते, रविवारच्या फेरीत जोडीने चालता येत नव्हते. संस्थेने तो जुना ठराव विधिपूर्वक रद्द केला तो १९९९ मध्ये, म्हणजे एकशेपाच वर्षांनी. बराच काळ तो अमलात नव्हता हे खरे. पण कागदावरची रेघ पुसण्यासही कोणीतरी उठावे लागते.

मजुरांचे काय, हा प्रश्न राहिला. सायकल १८९० च्या सुमारास कामगाराच्या आवाक्यात येऊ लागली होती. नवी नाही तरी जुनी, तीही हप्त्याने. १८९४ च्या आरंभी बर्मिंगहॅम येथे पाच-सहा तरुण जमले आणि त्यांनी मंडळ काढले. रॉबर्ट ब्लॅचफर्ड याच्या ‘क्लॅरिअन’ या समाजवादी साप्ताहिकाचे ते वाचक होते. म्हणून नाव ‘क्लॅरिअन सायकलिंग क्लब’. पाहता पाहता इतर शहरांतही शाखा झाल्या, आणि १८९५ च्या ईस्टरला ॲशबर्न येथे राष्ट्रीय संघटना उभी राहिली. गिरणीच्या धुरातून रविवारी बाहेर पडावयाचे, पिशवीत पत्रके घ्यावयाची, खेड्यात सायकली भिंतीला टेकवून सभा करावयाची, आणि मग चहा. वाटेत दुसरा क्लॅरिअनवाला दिसला की एकाने ‘बूट!’ असे ओरडावे, दुसऱ्याने ‘रिकिबीच्या आऱ्या!’ अशा अर्थाचा प्रतिशब्द द्यावा, अशी त्यांची रामरामाची तऱ्हा होती. तिचा अर्थ विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘रामराम’चा तरी कोण विचारतो?

या मंडळात स्त्रिया प्रथमपासून होत्या. मँचेस्टरच्या शाखेत १८९६ च्या सुमारास दोन बहिणी दाखल झाल्या: क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया पँखर्स्ट. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात दोघींची नावे गाजली. क्रिस्टाबेलची सायकल महागडी, उत्तम प्रतीची. सिल्व्हियाची एका समाजवादी मित्राने नळ्या जोडून घरी बनविलेली, जड आणि अडखळणारी. सिल्व्हियाने १९३१ साली लिहिलेल्या ग्रंथात या फेऱ्यांची आठवण आहे. थोरली चढ चढून दिसेनाशी होई, आणि धाकटी मागे धापा टाकीत राही. समतेची पत्रके वाटावयास निघालेल्यांतही हे होई. ते पान वाचताना आम्हांस खडकवासल्याचा मोकळा रस्ता आठवला, हे सांगणे न लगे. पुढे राजकारणातही दोघींच्या वाटा फुटल्या. त्याचे कारण सायकलीत शोधण्याचा मोह आम्ही आवरतो.

याच अनुभवातून म्हणा किंवा साध्या माणुसकीतून म्हणा, इंग्लंडातील मंडळांनी पुढे दोन रीती पाडल्या. वेगाची शर्यत वेगळी आणि मैत्रीची फेरी वेगळी, ही पहिली. दुसरी अशी, की मैत्रीच्या फेरीत एक अनुभवी स्वार सर्वांच्या मागे ठेवावयाचा. त्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यावयाचे नाही. कोणाचे पंक्चर झाले तर त्याने थांबावयाचे, आणि चढाच्या माथ्यावर पुढच्यांनी खोळंबावयाचे. आज आपल्याकडील शहरांतही रविवारी पहाटे सायकलस्वारांचे जथे निघतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, वाटेत मिसळ असते. शेवटचा माणूस नेमलेला असतो की नाही, हे आम्ही मुद्दाम विचारून पाहतो. काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी प्रश्नच समजत नाही.

क्लॅरिअनची सभासदसंख्या १९३६ च्या सुमारास आठ हजारांवर गेली होती. युद्धानंतर ती उतरत गेली. २०२१ मध्ये राष्ट्रीय संघटनेने आपल्या घटनेतून समाजवादाचा उल्लेख काढून टाकावयाचे मताने ठरविले, तेव्हा काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी जुन्या निष्ठेने निराळे मंडळ काढले. सव्वाशे वर्षांनंतर सायकल कशासाठी चालवावयाची यावर माणसे भांडतात, हे आम्हांस तरी मंडळ जिवंत असल्याचेच लक्षण वाटते.

पूर्वी वॉरिकशरमध्ये मोडणारे, आता वेस्ट मिडलंड्समध्ये असलेले मेरिडन नावाचे गाव आहे. इंग्लंडचा मध्यबिंदू तो हाच, अशी जुनी समजूत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सायकलस्वारांचे स्मारक म्हणून तिथल्या हिरवळीवर एक दगडी स्तंभ आहे. २१ मे १९२१ रोजी त्याचे अनावरण झाले. देशाच्या मध्यावर जागा निवडली ती एवढ्यासाठी, की कोठल्याही कोपऱ्यातून निघालेल्याला अंतर सारखे पडावे. तेव्हापासून मे महिन्यात तेथे प्रार्थनासभा भरते. आदल्या दिवशी, कोणी आदल्या रात्री, घरून निघालेले स्वार सकाळपासून येऊ लागतात. हिरवळीच्या कडेने सायकली एकमेकींना टेकवून ठेवतात, आणि प्रार्थना संपली की चहाच्या शोधात पांगतात.