मेजवानीचे टेबल आणि न दिसणारा मुदपाकखाना

संस्थानी काळातील छायाचित्रांचे संग्रह चाळताना एक उणीव सहसा ध्यानात येत नाही. दरबार दिसतो, शिकार दिसते, हत्तींची मिरवणूक दिसते; मेजवानीसाठी मांडलेले लांबलचक टेबल त्यावरील रुमालांच्या घड्यांसह दिसते. परंतु त्या टेबलावरचे अन्न जेथे शिजले, ती जागा अपवादानेच दृष्टीस पडते. वास्तविक मुदपाकखाना हे आपल्या संस्थानांच्या खासगी खात्यातील केवढे मोठे प्रकरण! आचारी, पाणके, वाढपी, कोठीवाले, भांडी घासणारे यांचा फौजफाटा तेथे राबत असे. अलीकडे काही छायाचित्रकार उपाहारगृहांच्या भटारखान्यात शिरून तेथील माणसे, भांडी आणि कामाच्या रीती टिपू लागले आहेत. त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी आधी ही जुनी उणीव समजून घ्यायला हवी.

आपल्या मंडळींना जवळचे वाटेल असे उदाहरण लाला दीनदयाळ यांचे. 1844 साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले आणि रुरकीच्या टॉमसन महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि खर्चाचे अंदाज तयार करणे हे त्यांचे काम. (सरकारी अंदाजपत्रकांत ज्यांची हयात गेली त्यांना या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला, तर तो क्षम्य समजावा.) 1874 च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण हाती घेतले. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांचे त्यांना उत्तेजन मिळाले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. नोकरी सोडल्यावर ते हैदराबादला सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबाद आणि मुंबई येथेही त्यांच्या चित्रशाळा निघाल्या.

निजामाच्या मेजवान्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे पाहण्यासारखी आहेत. फुलदाण्या, चांदीची पात्रे, काचेचे प्याले, ओळीने मांडलेल्या खुर्च्या. सारे कसे मोजूनमापून. ही टेबले बहुधा पाहुणे येण्यापूर्वी टिपलेली असत, कारण जेवणारी माणसे स्थिर बसत नाहीत. अन्न मात्र जवळजवळ नाहीच. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. भोजनोत्तर मद्य आणि सिगार ती पाहुण्यांपुढे नेत असे. पाहुण्याने तिच्यावरील सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. वाढणारा हात दिसूच नये, ही त्या काळच्या राजवैभवाची कल्पना होती आणि कॅमेऱ्याने तीच इमानाने उतरवली.

याचे तांत्रिक कारण प्रथम पाहू. दीनदयाळांनी आरंभ केला तेव्हा काचेच्या ओल्या पट्टीवर छायाचित्र घ्यावे लागे. पट्टीवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत अंधाऱ्या राहुटीत ती धुऊन काढायची. भर उन्हातही हे काम जिकिरीचे होते. धुराने काळ्या पडलेल्या, एखाद्या झरोक्याचाच काय तो उजेड असलेल्या स्वयंपाकघरात ते कसे साधावे? चुलाणापुढची माणसे क्षणभर स्वस्थ उभी राहत नाहीत आणि वाफ भिंगावर धरते. तथापि 1880 नंतर कोरड्या पट्ट्या सर्रास मिळू लागल्या आणि 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगाटी भुकटी निघाली. त्याच भुकटीच्या उजेडात न्यूयॉर्कच्या जेकब रीस या पत्रकाराने तेथील गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या टिपल्या आणि 1890 मध्ये त्यांवर पुस्तक काढले. म्हणजे साधन हाताशी आले होते. मुदपाकखान्याकडे ते वळले नाही, याचे कारण निराळे शोधले पाहिजे.

दुसरे कारण सोवळ्याचे. स्वयंपाकघराचा उंबरठा परक्याने ओलांडायचा नाही, हा नियम ब्राह्मण घरांत तर होताच. देवस्थानांच्या आणि राजवाड्यांच्या पाकशाळांतही तो कमी-अधिक पाळला जाई. चामड्याचा भाता लावलेली पेटी आणि रसायनांच्या बाटल्या घेऊन आलेल्या माणसाला तेथे कोण शिरू देणार? पण एवढ्यानेही उलगडा होत नाही. 1892 मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि तिचे काम एका युरोपियन बाईंकडे सोपवले. पडद्यासारखा कडक नियम, पण इच्छा होती म्हणून त्यातून वाट निघाली. स्वयंपाकघरासाठी तशी वाट कोणी मागितलीच नाही. आलवण नेसून जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसलेल्या विधवा आपल्या अनेक घराण्यांत होत्या. घरातील मोठ्या समूहचित्रांत त्या शोधून पाहाव्यात. बहुधा सापडणार नाहीत.

लेखणी मात्र या बाबतीत कॅमेऱ्याइतकी संकोची नव्हती. 1783 मधील सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणिसांनी केलेल्या बंदोबस्ताच्या याद्या इतिहासाच्या वाचकांना परिचित आहेत. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठीतील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहे. त्यात इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही जागा मिळाली आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर गेलेल्या मराठी राजघराण्याने परक्या पाकक्रिया आपल्या भाषेत लिहून ठेवाव्यात, ही गोष्ट आपल्यासारख्या बाहेर स्थायिक झालेल्यांना विशेष वाटावी. पण लिखित पाकक्रियेत प्रमाण आणि क्रम सापडतो. उलथने कसे धरले, किती माणसे एका कढईभोवती होती, हे त्यावरून कळत नाही. पाककृती जपली गेली, करणारा गेला.

एके ठिकाणी मात्र कॅमेरा अन्नाच्या प्रश्नाला थेट भिडला, आणि ते ठिकाण म्हणजे दुष्काळ. 1876 ते 1878 च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने सांगाडे झालेल्या माणसांची छायाचित्रे घेतली; ती आजही पाहवत नाहीत. शतकाच्या अखेरीस दीनदयाळांच्या चित्रशाळेने निजाम राज्यातील दुष्काळनिवारणाच्या कामांची छायाचित्रे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) भागात घेतली. त्यांचा हेतू सरकारचे काम दाखवण्याचा होता, हे उघड आहे. तरीही एकाच चित्रशाळेत मेजवानीचे टेबल आणि दुष्काळाने गांजलेले लोक यांच्या काचा शेजारी शेजारी असाव्यात, आणि या दोहोंच्या मधले रोजचे स्वयंपाकघर तेवढे वगळले जावे, हे मनाला लागते.

आजच्या छायाचित्रकारांकडे वळताना एक भेद करावा लागतो. जाहिरातीसाठी पदार्थांचे चित्र काढणे ही वेगळी कला आहे. तेथे पाकाऐवजी यंत्राचे तेल, आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा आणि दवाच्या थेंबांसाठी ग्लिसरीन वापरल्याच्या हकिकती त्या धंद्यात सर्वश्रुत आहेत. त्या कामाला दोष देण्याचे कारण नाही, पण तो दस्तऐवज नव्हे. भटारखान्याची नोंद करणाऱ्याला पहाटे चारला जावे लागते, कामात अडथळा न आणता कोपऱ्यात उभे राहावे लागते. थंड हवेतून आत शिरताच भिंगावर बाष्प जमते, म्हणून ते उबेपर्यंत थांबावे लागते. घासलेल्या पितळेचा झळाळ आणि कोपऱ्यातील अंधार एकाच चित्रात सांभाळावा लागतो. अंधुक उजेडातही चालणाऱ्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी हे पुष्कळ सोपे केले आहे.

इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने रात्री बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याची दुकाने लागतात. तेथे स्वयंपाक रस्त्यावरच, गिऱ्हाइकासमोर. साहजिकच कॅमेऱ्यांची गर्दी. परंतु बहुतेकांची नजर उंच उडवलेल्या दहीवड्याच्या द्रोणावर आणि कढईतून उठणाऱ्या ज्वाळेवर. भुट्ट्याच्या किसासाठी कणसे किसणारे हात, गराडू सोलणारा मुलगा, मध्यरात्रीनंतर भांडी विसळणारी माणसे यांच्याकडे थोडेच वळतात. मेजवानीच्या टेबलाचाच हा नवा अवतार म्हटला पाहिजे. याउलट हैदराबादेत रमजानमध्ये हलीमच्या भट्ट्यांची काही कामे मनापासून झालेली आढळतात. विटामातीच्या भट्टीत देग बसवलेली, आणि तिच्या दोन बाजूंस उभे राहून मुसळासारख्या लांब लाकडी घोटण्यांनी गहू आणि मांस एकजीव करणारी माणसे. 2010 मध्ये या पदार्थाला भौगोलिक मानांकन मिळाले. आता काही ठिकाणी घोटण्याचे काम यंत्रे करतात. दोन माणसांच्या त्या तालबद्ध श्रमाची ओळख पुढील पिढीला छायाचित्रांवरूनच व्हायची. गोव्यातील पोदेरांच्या लाकूड जाळून तापवायच्या भट्ट्यांचीही तीच गोष्ट.

मात्र नुसते चित्र पुरत नाही. सही-तारखेवाचून कागद दप्तरात पडला तर त्याचा उपयोग थोडाच. दीनदयाळांच्या 2,857 काचा 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. आज त्यांचा अभ्यास करता येतो तो चित्रशाळेने क्रमांक आणि शीर्षके घालण्याची शिस्त पाळली म्हणूनही. राजवाड्याचे नाव आहे, पाहुण्याचे आहे. भटारखान्याच्या छायाचित्रामागे आचाऱ्याचे नाव, गाव, तो कोणाच्या हाताखाली शिकला, कोणते भांडे कशासाठी आणि किती माणसांचा स्वयंपाक, एवढे तरी लिहिलेले असावे. आपल्या घरांतील लग्नामुंजींच्या संग्रहांतही मांडवामागे चुलाणावर वाकलेल्या आचाऱ्यांचे एखादे छायाचित्र चुकून असते. त्यांची नावे सांगू शकणारी ऐंशी-नव्वदीतील मंडळी अजून काही घरांत आहेत. तेवढ्यात ती शिसपेन्सिलीने मागील बाजूस लिहून घ्यावीत. शाई पुढे फुटून चित्रात उतरते.