निर्मितीच्या क्षणांचा साक्षी : निमाई घोष आणि सत्यजित राय

कलेचा इतिहास प्रामुख्याने सिद्ध झालेल्या कलाकृतींचा असतो. चित्र भिंतीवर राहते, ग्रंथ कपाटात राहतो, चित्रपट पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसतो. मात्र ती कृती घडत असताना कलावंताच्या हाताने, डोळ्याने आणि देहाने जे श्रम केले, ते कृती पूर्ण होताच लोप पावतात. चित्रपटाच्या बाबतीत हा लोप विशेष तीव्र असतो. देखावे मोडले जातात, माणसे पांगतात आणि उरते ती केवळ फीत. दादासाहेब फाळके यांना या गोष्टीची जाण फार लवकर झाली होती. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपट त्यांनी १९१७ च्या सुमारास काढला आणि त्यात स्वतःलाच काम करताना चित्रित केले. पण कलावंताने स्वतःचे काम स्वतः दाखविणे वेगळे आणि दुसऱ्या एका कलावंताने ते जवळजवळ पाव शतक सातत्याने टिपत राहणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारचे भारतीय कलेतील ठळक उदाहरण म्हणजे निमाई घोष यांचे प्रकाशचित्रण.

निमाई घोष यांचा जन्म १९३४ चा, कलकत्त्याचा. मूळचा त्यांचा ओढा रंगभूमीकडे होता. उत्पल दत्त यांच्या लिटल थिएटर ग्रुपमध्ये ते नट म्हणून वावरले. पुढे रवी घोष यांच्या ‘चलाचल’ या नाट्यसंस्थेशीही त्यांचा संबंध आला. प्रकाशचित्रणाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांच्या हाती कॅमेरा आला तोही योगायोगाने. कोणीतरी टॅक्सीत विसरून गेलेला एक साधा कॅमेरा एका परिचिताला सापडला होता. त्या परिचिताकडून घोष यांना २४० रुपये येणे होते आणि त्या रकमेच्या बदल्यात तो कॅमेरा त्यांच्याकडे आला, अशी हकिगत ते सांगत असत. त्याच सुमारास वीरभूम जिल्ह्यातील रामपुरहाट परिसरात ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) या चित्रपटाचे काम चालू होते. त्यात बाघाची भूमिका रवी घोष करीत होते. निमाई घोष तेथे गेले आणि तालमीत गुंतलेल्या दिग्दर्शकाची काही छायाचित्रे त्यांनी काढली. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांच्यामार्फत ती राय यांच्यापर्यंत पोहोचली. आपण स्वतः जे कोन निवडले असते तेच या नवख्या माणसाने निवडले आहेत, असा राय यांचा अभिप्राय पडला. त्या क्षणापासून घोष यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

हा अभिप्राय केवळ उत्तेजनाचा नव्हता. राय हे स्वतः जाहिरातसंस्थेत रेखाटनकार म्हणून घडलेले, दृश्याच्या मांडणीविषयी अत्यंत काटेकोर असलेले कलावंत होते. पटकथा, वेशभूषेची व देखाव्यांची रेखाटने, ‘तीन कन्या’ (१९६१) पासून संगीतरचना आणि ‘चारुलता’च्या (१९६४) सुमारापासून प्रत्यक्ष कॅमेरा चालविणे, ही सारी अंगे त्यांनी आपल्याकडे घेतली होती. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या खेरोखात्यांत शब्द आणि रेषा शेजारी शेजारी नांदत. एरवी चित्रपटाची निर्मिती अनेक हातांत विखुरलेली असते, त्यामुळे निर्मितीचे चित्र काढायचे म्हणजे नेमके कोणाचे काढायचे, हा प्रश्न पडतो. राय यांच्या बाबतीत निर्मितीचा बराच मोठा भाग एकाच देहात दृश्यमान होत असे. वहीवर वाकलेले, भिंगातून पाहणारे, नटाला हातवारे करून दाखविणारे, पियानोपाशी बसलेले राय ही त्या निर्मितीची दृश्य रूपे होत. घोष यांच्या प्रकाशचित्रणाचा विषय एका थोर माणसाच्या व्यक्तिचित्रापेक्षा विस्तृत ठरतो, त्याचे कारण येथे आहे. त्यांचा विषय आहे एकाग्रता.

ही एकाग्रता भंगू न देता टिपणे हीच त्यांच्या पद्धतीची कसोटी होती. फ्लॅश त्यांनी वर्ज्य मानला. असेल त्या उजेडात आणि बहुतांशी कृष्णधवल फितीवर त्यांनी काम केले. नटाच्या अनुभवाचा येथे उपयोग झाला असावा. कोणत्या क्षणी हालचाल शिगेला पोहोचेल, कोठे उभे राहिल्यास आपण कोणाच्या वाटेत येणार नाही, हे रंगमंचावर वावरलेल्या माणसाला आतून कळते. ‘सद्गती’च्या (१९८१) चित्रीकरणाची त्यांची छायाचित्रे मराठी वाचकाला विशेष जवळची वाटतील. प्रेमचंदांच्या कथेवरील, दूरदर्शनसाठी केलेल्या त्या चित्रपटात ओम पुरी यांच्यासमवेत स्मिता पाटील आणि मोहन आगाशे होते. नटांना आपण ओळखतो ते त्यांच्या भूमिकांतून. येथे भूमिका अंगावर चढण्याच्या आधीची त्यांची अवस्था नोंदली गेली आहे.

राय यांनी घोष यांची तुलना जॉन्सनचे चरित्र लिहिणाऱ्या बॉस्वेलशी केली होती. लेखणीऐवजी कॅमेरा घेतलेला बॉस्वेल, असा तिचा आशय. मराठी परंपरेत या तुलनेला आणखी एक पदर जोडता येतो. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या, त्या चक्रधरांच्या प्रयाणानंतर, साक्षीदारांना गाठून आणि त्यांच्या आठवणी पारखून. शब्दांत हे शक्य असते, कारण स्मृती जुनी झाली तरी ती सांगता येते. छायाचित्रकाराला ही सवलत नाही. क्षण घडताना तो तेथे नसेल तर तो क्षण कायमचा गेला. घोष यांच्या कार्याचे मोल त्यांच्या छायाचित्रांच्या संख्येत शोधू नये. ती संख्या नव्वद हजारांच्या घरात सांगितली जाते. हजर राहण्याचे जे व्रत त्यांनी इतकी वर्षे पाळले, त्यात ते मोल आहे.

या व्रताला एक मर्यादाही आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. घोष यांची दृष्टी श्रद्धेची होती. त्यांच्या चौकटीत राय बहुधा निश्चयी दिसतात. संशय, चिडचीड, फसलेले प्रयत्न यांना तेथे स्थान थोडे. बॉस्वेलने जॉन्सनचे तऱ्हेवाईकपण टिपण्याची जी मोकळीक घेतली, ती घोष यांनी घेतलेली दिसत नाही. राय यांची जी धीरगंभीर प्रतिमा पुढील पिढ्यांच्या मनात रुजली, तिच्या घडणीत या छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच अभ्यासकाने ती वाचताना साक्ष आणि भक्ती यांतील रेषा ओळखली पाहिजे.

तथापि अखेरच्या पर्वात ही श्रद्धाच साक्षीला धार आणते. ‘घरे बाइरे’च्या (१९८४) निर्मितीच्या काळात राय यांना हृदयविकाराचा झटका आला. नंतरचे ‘गणशत्रू’ (१९८९), ‘शाखा प्रशाखा’ (१९९०) आणि ‘आगंतुक’ (१९९१) हे चित्रपट प्रकृतीच्या बंधनांमुळे मुख्यतः बंदिस्त जागेत झाले. उंचनिंच देहाचा, कधी काळी उघड्या माळावर कॅमेऱ्यामागे उभा असणारा माणूस खुर्चीच्या आधाराने काम करू लागला. सुरुवातीच्या आणि अखेरच्या छायाचित्रांना शेजारी ठेवले की देहाचा ऱ्हास आणि नजरेची अभंगता एकाच वेळी दिसते. कोणत्याही एका छायाचित्राला हे सांगता आले नसते. त्यासाठी दीर्घ मालिकाच हवी होती. सत्तराव्या वर्षानिमित्त १९९१ मध्ये निघालेल्या घोष यांच्या ग्रंथाला आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची प्रस्तावना लाभली. त्यापूर्वी १९८७ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांच्या भारतविषयक छायाचित्रांच्या ग्रंथाला राय यांनी प्रास्ताविक लिहिले होते. एका अर्थी हे ऋण घोष यांच्या ग्रंथाद्वारे फेडले गेले.

राय १९९२ मध्ये निवर्तले. घोष यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. बंगाली रंगभूमीची त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने आली. अनेक चित्रकार-शिल्पकारांनाही त्यांनी त्यांच्या कार्यशाळांत टिपले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मार्च २०२० मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह दिल्ली आर्ट गॅलरीने आपल्याकडे घेतला, त्यामुळे तो विखुरला नाही.

संग्रह टिकणे ही गोष्ट किती नाजूक असते याचा दाखला राय यांच्याच चित्रपटांनी दिला आहे. १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत ‘पथेर पांचाली’सह अपु-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे कित्येक वर्षांनी, मोठ्या कष्टाने, २०१५ पर्यंत त्यांचा जीर्णोद्धार झाला. पूर्ण झालेल्या कलाकृतीची ही अवस्था असेल, तर निर्मितीच्या मागमुसाची काय कथा! ‘पथेर पांचाली’च्या काळात घोष तेथे नव्हते. त्या चित्रपटाच्या घडणीची त्यांच्यासारखी सलग दृश्य नोंद आज उपलब्ध नाही. ‘गुपी गाइन’पासून ‘आगंतुक’पर्यंतच्या काळाची मात्र ती आहे. एका टॅक्सीत विसरलेल्या कॅमेऱ्याने आणि रोज हजर राहणाऱ्या एका माणसाने हा फरक घडवून आणला.