पेटीचा अचल सूर आणि चल कळ



संगीत नाटकानें, कीर्तनानें आणि भजनी मंडळांनीं ज्या वाद्याला महाराष्ट्रांत घरचें करून घेतलें, तें बाजाची पेटी हें वाद्य जन्मानें परकें आहे. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें वाद्य खुर्चीवर बसून, पायांनीं भाता हलवून वाजवावयाचें होतें. आपल्या बैठकीला तें सोयीचें नव्हतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादांत त्याला हातपेटीचें रूप दिलें. भाता पाठीमागें आला, एक हात त्याला मिळाला, दुसरा पट्ट्यांवर राहिला आणि वाजविणारा मांडी घालून गायकाच्या शेजारीं बसूं शकला. पुढें १९११ सालीं 'मानापमान' रंगभूमीवर आलें, तेव्हां त्याला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. तीन पिढ्यांच्या आंत पाहुणा कुटुंबांतला झाला होता.

परंतु या पाहुण्याचा एक स्वभाव बदलला नाहीं. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. तिचें एक टोक चौकटीला घट्ट बसविलेलें असतें, दुसरें हवेनें थरथरतें. जिभेच्या मोकळ्या टोकाकडे किंचित् खरवडलें कीं सूर चढतो. बसविलेल्या टोकाकडे खरवडलें कीं उतरतो. काढलेलें पितळ परत लावतां येत नाहीं, म्हणून कारागीर एकेक ओरखडा देऊन पुन्हां पुन्हां ऐकत असतो. एकदां सूर लावला कीं तो तेथेंच राहतो. सारंगीप्रमाणें तो गळ्यामागें धांवत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, प्रत्येक गायकाचा षड्ज निराळा. एकाला काळी एक लागते, दुसऱ्याला पांढरी चार. वाजविणाऱ्याला तोच राग दर वेळीं नव्या पट्ट्यांवर, नव्या बोटांनीं वाजवावा लागतो. यावर जी युक्ति निघाली, ती 'स्केल-चेंजर' पेटी होय. साध्या पेटींत पट्टी दाबली कीं तिच्याखालचें भोंक उघडतें आणि हवा त्याच ठरलेल्या सुरांतून जाते. स्केल-चेंजरमध्यें पट्ट्यांची सारी ओळ एका सरकत्या चौकटीवर असते. कळ फिरवून ती चौकट एक घर सरकविली कीं तीच पट्टी शेजारच्या सुराचें भोंक उघडूं लागते. बोटें तींच राहतात, षड्ज मात्र बदलतो.

या रचनेची दुरुस्ती नाजुक असते. चौकट आपल्या घरांत नेमकी बसली नाहीं, तर एक पट्टी दोन सुरांना स्पर्श करते आणि दोन्ही एकदम बोलूं लागतात. स्प्रिंग थकली कीं भोंकावरचें झांकण पुरतें मिटत नाहीं व सूर दाबल्यावांचून कण्हत राहतो. पावसाळ्यांत लांकूड फुगलें कीं चौकट अडते. कारागीर प्रथम चौकट प्रत्येक घरांत नेऊन पाहतो, मग पट्ट्यांची उंची सारखी करतो, झांकणाखालचें चामडें तपासतो. पितळेला हात शेवटीं लावतो.

परंतु खरा पेंच त्यापुढें आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. तंबोऱ्यांतून उमटणारा गंधार ३०० कंपनांचा आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या पाश्चात्य रीतीनें लावलेला गंधार ३०२ हून किंचित् अधिक भरतो. जाणत्या कानाला तो चढा लागतो. मग पेटी तंबोऱ्याप्रमाणेंच कां लावूं नये? लावतां येते. तशी लावली कीं ऋषभ २७० चा आणि धैवत ४०० चा होतो. आतां चौकट सरकवून ऋषभालाच षड्ज करा. त्याचा पंचम ४०५ चा हवा, आणि पेटी देते तो जुना धैवत, ४०० चा. पंचमच बेसूर! म्हणजे जी पेटी सरकवावयाची, तिचे बारा भाग सारखेच ठेवावे लागतात. जिचा गंधार खरा करावयाचा, तिचा षड्ज बांधावा लागतो. एका पेटींत दोन्ही सुखें नांदत नाहींत.

हा पेंच सोडविण्याचा मोठा प्रयत्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं केला. त्यांनीं श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. प्रयोगांसाठीं गळा अब्दुल करीम खां यांचा होता आणि साह्य न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांचें. त्या दोघांनीं लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुति-हार्मोनियम करवून घेतली. १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर वाद झाला, पण तिला मान्यता मिळाली नाहीं.

विरोधकांचा पक्षही दुबळा नव्हता. दिल्लीच्या नभोवाणींत पाश्चात्य संगीताचा विभाग पाहणारे जॉन फॉल्ड्स यांनीं १९३८ सालीं पेटीवर कडक टीका केली. रवींद्रनाथांचाही तिला विरोध होता. १ मार्च १९४० पासून नभोवाणीनें पेटीला दार बंद केलें. तें १९७१ पर्यंत बंद राहिलें, आणि त्यानंतरही प्रथम अर्धवटच उघडलें. या तीस वर्षांत महाराष्ट्रांतील देवळांत व नाट्यगृहांत पेटी वाजतच राहिली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

अचल सुराला चालविण्याची ही धडपड आपल्याकडेच झाली असें नाहीं. अमेरिकेंत पेडल स्टील गिटार नांवाचें वाद्य निघालें. पायानें पेडल दाबलें कीं सळई ओढली जाते, तार ज्या धातूच्या बोटावर टेकलेली असते तें कलतें आणि सूर चढतो वा उतरतो. बोटानें कोठें थांबावें हें स्क्रूनें ठरवितात; दुरुस्तीचें मर्म त्या थांबण्यांत असतें. बड आयझॅक्स यांच्या वादनानें १९५४ च्या सुमारास हा आवाज तेथें घरोघरीं पोंचला. आपल्याकडे अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीं खुंटी ओढून श्रुति बदलणारी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. देवलांचा प्रश्न तिनें पुन्हां हातीं घेतला आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज यंत्रांचे कारखाने पसरले आहेत, आणि त्या पट्ट्याच्या दोन बाजूंस देहू व आळंदी आहेत. कारखान्यांत माप एकदां ठरलें कीं सर्वांना तेंच. पेटीच्या कारागिराला मात्र पितळेला कानस लावण्यापूर्वीं विचारावें लागतें, 'ही कोणाच्या गळ्यासाठीं?' भजनी मंडळांत रोज निराळा गळा पुढें होतो, तेथें सरकती पेटी सारख्या भागांचीच हवी. एकाच गायकाच्या साथीला बांधलेल्या षड्जाची बरी. पेटी परकी कीं आपली, हा वाद शंभर वर्षें चालला. कारागिराच्या त्या एका प्रश्नांत त्याचें पुष्कळसें उत्तर आहे.